वस्तू उलटी करून बघा

मागच्या अंकात रोजच्या जगण्यातलं डिझाईन या विषयावर प्रश्न मागवले होते आणि इतके आले की सगळ्यांना एका अंकात उत्तरं देणं शक्यच नाही, म्हणून सारखे होते ते एकत्र केलेत. मी कापड आणि पॅकेजिंग या दोन गोष्टींत काम करते त्यामुळे उदाहरणंही तिथलीच जास्त येणार, आणि खाण्याची तर येणारच.

ताई, मी कम्युनिकेशन डिझाईनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. असाइनमेंट आली की पिंटरेस्ट उघडते, बोर्ड भरते आणि शेवटी माझं काम वर्गातल्या बाकीच्यांसारखंच दिसतं. सर म्हणतात ओरिजिनल काहीतरी आण. ते आणायचं कुठून?
(एक विद्यार्थिनी, पुणे)

अगं बोर्ड भरण्यात वाईट काही नाही, मीसुद्धा भरते. पण फोटोत वस्तूची फक्त पुढची बाजू येते. ती कुठे जोडलीय, किती जड आहे, कुठे झिजलीय, कुणी किती वेळ बसून केलीय यातलं काहीच त्यात येत नाही आणि आपल्याला लागणारा सगळा माल नेमका तिथेच असतो. मग तोच फोटो पन्नास जणांनी बघितला की पन्नास जणांच्या हाती तेच लागतं, चार रंग आणि एखादा मोटिफ.

एक कर. घरात, आजीकडे, गावाला कुठेतरी जुनी गोधडी असेलच, ती काढ, उन्हात पसर आणि तिच्याशेजारी निवांत बस. लगेच मोबाईल काढू नकोस. आधी उलटी करून बघ. आपल्याकडच्या बऱ्याच गोधड्यांत धावदोरा कडेपासून सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करत आत आत येतो, शिवणारी बाई गोधडीवरच बसलेली असते आणि टाका घालत घालत स्वतःही सरकत असते, म्हणजे कुठून कुठे जायचं हे कागदावर काढून ठरलेलं नसतं, तिच्या हाताची पोच आणि बसायची जागा यातून ठरतं. आत जुनी लुगडी, धोतरं, विरलेल्या चादरी असे थर असतात. त्यातलं जे कापड अजून धड आहे ते वर येतं आणि जे पार विरलंय ते मधे जातं, तिथे ते ऊब देतं आणि कुणाला दिसतही नाही. लुगड्याचा काठ घट्ट विणीचा असतो म्हणून बऱ्याचदा तो कडेला लावलेला सापडेल, कारण गोधडी आधी कडेला फाटते. आता डोळे गोधडीच्या पातळीला आण आणि तिरपं बघ. टाक्याने कापड जरासं आवळलेलं असतं त्यामुळे अख्ख्या गोधडीवर बारीक लाटा दिसतील, त्या कुणी काढलेल्या नाहीत, त्या शिवणीतून आपोआप आल्यात. कुठे एखाद्या ओळीत दोरा संपला म्हणून रंग बदललेला असेल, तेही बघ, कारण पुढे तोच बदललेला रंग दुसऱ्या बाजूलाही आणून त्या बाईने जमवून घेतलेलं असतं.

हे असाइनमेंटमध्ये आणायचं म्हणजे गोधडीचं चित्र काढायचं नाही गं. गोधडी ज्या नियमाने बनते तो नियम घ्यायचा. एका शेतकरी गटासाठी देशी बियाण्यांची पाकिटं करायची होती तेव्हा मी हेच केलं, पेरणीचा महिना, दोन रोपांतलं अंतर, पाणी किती ही सगळी माहिती कडेने चालत आत येते आणि मधला चौकोन मोकळा, तिथे बी दिसायला खिडकी. पाकीट फाडताना एक कड जाते म्हणून त्या कडेला बिनकामाचं छापलं आणि कामाचं उरलेल्या तीन बाजूंना. ते पाकीट बघून कुणाला गोधडी आठवली नाही, आणि आठवायची गरजही नव्हती. पण तसं पाकीट दुसऱ्या कुणाचं नव्हतं. तुझे सर जे मागतायत ते बहुतेक हेच आहे.

माझं छोटं बुटीक आहे. रंगसंगती जमत नाही. कलर व्हील शिकले, ऑनलाईन कोर्स केला, तरी कपडे एकतर भडक दिसतात नाहीतर मरगळलेले. तुम्ही रंग कुठून उचलता?
(नाशिक)

येवला तुमच्याच जिल्ह्यात आहे हो! पैठणीच्या शोरूममध्ये जाऊ नका, किंवा जा पण नंतर, आधी एखाद्या विणकराच्या घरी परवानगी घेऊन मागाशेजारी उभ्या राहा. उभे धागे एका रंगाचे आणि आडवे धागे दुसऱ्या रंगाचे घातले की जे कापड तयार होतं ते समोरून एक दिसतं, दुमडलं की दुसरं, आणि चालताना निरी हलली की दोन्ही. त्याला धूपछांव म्हणतात हे तुम्हाला माहीत असणारच. पण हे मागावर बघितलं की लक्षात येतं की तिथे रंग 'मिसळलेला' नसतोच, जांभळा धागा जांभळाच राहतो आणि लाल धागा लालच, मिसळायचं काम आपला डोळा करतो. म्हणून तो रंग जिवंत वाटतो. तुम्ही मिलमधून एकाच रंगात डाय केलेला रोल आणता आणि त्याला दुसऱ्या सपाट रंगाची पायपिंग लावता, तिथेच बहुतेक ते मरगळलेपण येतं.

मग पदर उलटा करून बघा. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत मोर, मुनिया, कमळ जे काही असेल ते मागूनही जवळजवळ तसंच दिसतं कारण प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपापल्या जागेपुरता जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. मागे लोंबते धागे नसतात. यातून मी माझ्या कामापुरता एक नियम घेतला, जिथे दोन रंग भेटतात तिथे मधे काळी किंवा सोनेरी रेघ घालून त्यांना वेगळं करायचं नाही, त्यांना एकमेकांत थोडं अडकू द्यायचं, मग ती शिलाई असो, भरतकाम असो.

आणि याच्या अगदी उलट बघायचं तर इरकल बघा. इरकलीचा पदर लालच हवा, त्यात अंगातला निळा किंवा काळा अजिबात मिसळायला नको, म्हणून विणकर पदराचे उभे धागेच वेगळे लाल घेतात आणि अंगाच्या उभ्या धाग्यांना एकेक करून फास्यात फासा घालून जोडतात. तो टोपपदर. विचार करा, एक रंग शुद्ध राहावा म्हणून हजारो धागे हाताने जोडायचे! एका साडीत रंग मुद्दाम मिसळलेत, दुसरीत जिवापाड वेगळे ठेवलेत आणि दोन्ही साड्या आपल्या आज्यांनी नेसल्यात. तुमचा ड्रेस यातला कोणत्या घरातला आहे हे आधी ठरवा, म्हणजे भडकपणा जाईल. अर्धं हे आणि अर्धं ते केलं की गडबड होते.

एक छोटी सवय सांगते, मी क्लायंटशी बोलताना रंगांचे नंबर नंतर देते, आधी आमसुली, श्रीखंडी, चिंतामणी, गुलबक्षी, शेवाळी असंच बोलते, कारण श्रीखंडी म्हटलं की त्यात केशर किती हे ऐकणाऱ्याला कळतं.

तुम्ही प्रवासातल्या खाण्याचे फोटो टाकता आणि खाली रेफरन्स म्हणून लिहिता. वडा किंवा पातोळी यांचा डिझाईनशी काय संबंध, मला खरंच कळत नाही. रागावू नका.
(डोंबिवली)

रागवायचं काय त्यात, मला तर हा प्रश्न सगळ्यात आवडला.

प्रवासातलं खाणं हे एकदम कडक ब्रीफ असतं, म्हणजे काम सुरू करण्याआधी डिझायनरला मिळणारी अटींची यादी. टिकायला हवं, सांडायला नको, एका हाताने खाता यायला हवं, आणि गाडी किती वेळ थांबणार ते आपल्या हातात नाही. तुमच्या जवळचं उदाहरण घ्या, कर्जतचा वडा. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिन जोडायची पद्धत आहे कारण पुढे बोरघाट, तिथे दर ३७ फुटांना एक फूट चढ. ही घाटातली लाईन १८६३ सालची. आता इंजिन जोडायचं म्हणजे गाडी थांबणार, आणि गाडी थांबणार म्हणजे लोकांना भूक लागणार, आणि त्या मोजक्या मिनिटांत खिडकीतून आत देता येईल असं काय? वडा. ताट नको, चमचा नको, रस गळत नाही, कागदात गुंडाळला की झालं. घाटाच्या चढाने स्टेशनावरचा पदार्थ ठरवला असं मी म्हणते तेव्हा लोक हसतात, पण मला पॅकेजिंगचं काम आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते, की ही वस्तू कुठे थांबणार आहे आणि किती वेळ.

सोलापूरकडची कडक भाकरी घ्या. ज्वारीची पातळ भाकरी, पार वाळवून पापडासारखी केलेली, कितीतरी दिवस टिकते, एकावर एक रचली की जागा घेत नाही, खायच्या वेळी दह्यात नाहीतर आमटीत चुरायची किंवा शेंगाचटणीबरोबर तशीच मोडून खायची. पाणी काढून टाकलं म्हणून वजन गेलं आणि खराब व्हायची भीतीही गेली. दशमीत तर पाणी घालतच नाहीत, दुधातच पीठ भिजवतात. आपण ज्याला फ्लॅट पॅक वगैरे म्हणतो ना ते आपल्या बायकांनी शिदोरीत कधीच करून ठेवलंय.

आणि आता पातोळी, जिच्यामुळे तुम्ही विचारलंत. श्रावणात कोकणात, गोव्यात हळदीची पानं मिळतात, हिरवीगार, लांब. पान धुऊन पुसून घ्यायचं, त्यावर तांदळाच्या पिठाचा सरसरीत लेप बोटांनी पसरायचा, अगदी पातळ, एका बाजूला गूळ-खोबऱ्याचं चून, पान मधल्या शिरेवर मिटायचं आणि उकडायचं. मालवणजवळ एका घरी मी हे शेजारी बसून बघितलंय. ती काकू लेप पसरताना पानाच्या कडेपर्यंत नेत नव्हती, बोटभर जागा सोडत होती, विचारलं तर म्हणाली सोलताना धरायला काय ठेवशील. वाफ गेल्यावर पान सोललं तर आतल्या पांढऱ्या पातोळीवर पानाच्या सगळ्या शिरा उमटलेल्या, मधली जाड आणि तिच्यापासून तिरप्या निघालेल्या बारीक बारीक, एकही चुकलेली नाही. आणि वास! आता बघा, ते पान म्हणजे साचा, तेच भांडं, तेच वेष्टण, तोच स्वाद आणि छपाईसुद्धा त्याचीच, आणि शेवटी गोठ्यात जातं. मी आजवर पॅकेजिंगवर जेवढं वाचलंय त्यात याच्याइतकं नेटकं उदाहरण मला मिळालेलं नाही.

आमसुलाचंही तसंच. कोकमाच्या साली वाळवायच्या, मग कोकमाच्याच रसात भिजवायच्या, परत वाळवायच्या, परत भिजवायच्या, अशी पुटं चढवत जातात तेव्हा तो काळसर लाल रंग येतो, एकदम गडद करायचा म्हटलं तर होत नाही. निळीत कापड रंगवणारेही असंच करतात, बुडवायचं, बाहेर काढून वारा लागू द्यायचा, परत बुडवायचं. आंबापोळीत रसाचा एक थर ताटात सुकला की त्यावर दुसरा. गडद रंग घाईत मिळत नाही हे मला रंगाऱ्याच्या आधी आमसुलं करणाऱ्या बायकांकडे बघून कळलं, म्हणून तो फोटो आणि म्हणून खाली रेफरन्स.

मी कुर्त्यांवर वारली चित्रं प्रिंट करून विकते. छान चालतंय. पण एका प्रदर्शनात एक जण म्हणाले की हे बरोबर नाही, ही तुमची कला नाही. मला फार वाईट वाटलं. प्रेरणा घेणं चूक आहे का?
(ठाणे)

तुमचं मन दुखावलं हे समजू शकते, पण ते गृहस्थ जे म्हणाले त्यात तथ्य आहे, तेव्हा जरा नीट बोलूया.

तुम्ही जे कुर्त्यावर छापता त्याचं मूळ घर म्हणजे पालघर-डहाणू भागातल्या वारली घरांच्या भिंती. गेरूने किंवा शेणाने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची चेचलेली काडी. लग्नात भिंतीवर जो चौक, म्हणजे चौकोनी चित्र, लिहितात त्याच्या मधोमध पालघाट देवी, तो सवाशिणींनी लिहायचा आणि धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणाऱ्या बायका, गाणी म्हणणार, तो लिहिल्याशिवाय लग्न पुढे जात नाही. मग १९७०च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं विधीच्या बाहेर आणली, रोजचं जगणं, शेत, मासेमारीचं जाळं, मुंग्यांची रांग असं सगळं काढलं, जगभर गेले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. म्हणजे तुम्ही जिला 'वारली प्रिंट' म्हणता तिच्यामागे एक समाज आहे आणि नावं असलेले चित्रकार आहेत, त्यातले कितीतरी आज काम करतायत, तुमच्यापासून लोकलने जाता येईल इतक्या जवळ.

मग हा प्रश्न कुर्त्याचा राहत नाही, पैसे कुणाला गेले आणि नाव कुणाचं लागलं याचा होतो. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आधी कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे किती चिडलो होतो! आणि चिडणं बरोबरच होतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, कातड्याच्याच वादीची शिवण, आणि २०१९ पासून महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांच्या नावावर जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं. पण मग मिलानला जो न्याय लावला तोच ठाण्यालाही लावायला हवा की नको?

तुम्ही बंद करा असं मी म्हणत नाही. इंटरनेटवरून उचललेली डिझाईनं मात्र बंद करा. वारली चित्रकाराकडे जा, त्याच्याकडून तुमच्या कुर्त्यासाठी नवी चित्रं काढून घ्या, एकरकमी देऊन मोकळं होण्यापेक्षा प्रत्येक कुर्त्यामागे ठराविक पैसे ठरवा, लेखी करा, टॅगवर त्याचं नाव छापा आणि कोणती चित्रं कपड्यावर नकोत हे त्यालाच विचारा. चौकातली देवी कुर्त्याच्या घेरावर यावी का हे तुम्ही आणि मी ठरवायचं नाही. कुर्ता थोडा महाग होईल, होऊ दे, मी स्वतः असा टॅग बघून जास्त पैसे देते आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत.

आयटीत आहे, ॲपचे स्क्रीन डिझाईन करतो. गोधड्या, साड्या हे सगळं ऐकायला छान वाटतं पण माझ्या कामात त्याचा काय उपयोग?
(हिंजवडी)

जेवायला बसा. अहो खरंच, पान वाढायची आपली पद्धत हा आख्खा इंटरफेस आहे. मीठ मधे वर, डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजव्या बाजूला भाजी, उसळ, आमटी, मधे भात. जे जरासंच लागतं ते डावीकडे, जे उजव्या हाताने सारखं घ्यायचंय ते उजवीकडे. पंगतीत वाढणारा वाकून पुढे पुढे चाललेला असतो, त्याला प्रत्येक पानावर शोधत बसावं लागत नाही, आणि जेवणाऱ्यालाही काय संपलंय हे बोलावं लागत नाही, रिकामी जागाच सांगते. शेकडो माणसांची पंगत एकही सूचना न लिहिता चालते. तुमच्या स्क्रीनवर रोज लागणारं बटण चटणीच्या जागी तर नाही ना हे एकदा तपासा.

आणि सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, मिळाली तर हातात घेऊन बघा. दशावतारी गंजिफा म्हणजे १२० पानं, दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात बारा, राजा, वजीर आणि एक ते दहा. पानं गोल, त्यामुळे पान हातात कसंही आलं तरी कोपरा शोधायचा प्रश्न नाही. प्रत्येक गटाची जमीन, म्हणजे चित्रामागची बाजू, वेगळ्या रंगाची, म्हणजे चिन्ह दिसायच्या आधी रंगावरून गट कळतो, मग मासा की कासव की परशू ते, मग किती. नजर कुठल्या क्रमाने जाणार याचा इतका विचार बऱ्याच ॲपमध्ये नसतो. १९७०च्या दशकात हे काम जवळजवळ संपत आलं होतं तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी, राजवाड्यातच चित्रकार बसवून ते परत सुरू केलं. राजवाड्यात आजही पानं रंगवताना बघता येतात, सुट्टी काढून जा.

रोज विरार-चर्चगेट, घरी यायला नऊ. फिरायला पैसे नाहीत, वेळ नाही. आमच्यासारख्यांनी प्रेरणा कुठे शोधायची?
(विरार)

तुमच्या रस्त्यात दादर आहे ना, एखाद्या दिवशी सकाळी लवकर निघून फूलबाजारात उतरा. गजरा केळीच्या पानात कसा बांधतात ते बघा, पानाची पट्टी, दोन घड्या, वर सोपटाची, म्हणजे केळीच्या सालीच्या दोऱ्याची, गाठ, टेप नाही, स्टेपल नाही, आणि आतला गजरा संध्याकाळपर्यंत ताजा. ती गाठ शिकून या, एवढंच घेऊन या, दहा गोष्टी बघू नका. चर्चगेटकडून क्रॉफर्ड मार्केटही फार लांब नाही, १८६९ सालची इमारत, दरवाज्यांवर लॉकवुड किपलिंग यांनी केलेली शेतकऱ्यांची आणि बाजाराची उठावशिल्पं आहेत, लोक खालून रोज जातात आणि वर बघत नाहीत.

कधी पुण्याला आलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि वज्र्या बघा. पाय घासायची वज्री, ती पितळेची, वर मोर नाहीतर हत्ती, काहींच्या आत खुळखुळणारे मणी. अंघोळीच्या वेळी पाय घासायच्या वस्तूला आवाज द्यावासा वाटणारा कारागीर किती मजेत असेल! तिकिटाचे पैसे वसूल होतात, आणि अडकित्ता बघताना सुपारी कुठे बसते आणि बोटं कुठे बसतात तेवढंच वहीत काढा.

वहीचं बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून इथेच सांगते. माझ्या वहीत चित्रं कमी आणि मापं जास्त असतात, वीत, बोट, पेर, वजन हातात किती वाटलं, काय भावाने दिली, कुणी केली, करायला किती वेळ लागला असं त्यांनी सांगितलं. चित्र नंतर फोटोवरूनही काढता येतं, पण ही माहिती तिथे उभं राहून विचारल्याशिवाय मिळत नाही.

अगं, तुला अगंच म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची असशील. मी क्रोशाची तोरणं, रुमाल, रुखवताचं सामान करते, तीस वर्षं झाली. सगळे कौतुक करतात, म्हणतात काकू हौशी आहेत. विकायला गेलं की दोऱ्याचे पैसेसुद्धा निघत नाहीत. मी स्वतःला डिझायनर म्हणू का गं?
(बार्शी)

काकू, म्हणाच. तोरण दाराच्या मापाचं करताना फुलं किती बसतील, मधे जाळी किती सोडायची, कडेचं फूल अर्धं येणार असेल तर काय करायचं हे तुम्ही मनात ठरवता, आम्ही कॉलेजात चार वर्षं हेच शिकतो, फक्त कॉम्प्युटरवर.

आता पैशाचं बोलते, कारण खरा प्रश्न तो आहे. घड्याळ लावून एक फूल करा. समजा वीस मिनिटं लागली आणि तोरणात पंधरा फुलं, तर नुसत्या फुलांचे पाच तास झाले. जाळी, लोंबते मणी, कडा, शेवटी पाण्यात घालून ताणून वाळवणं हे सगळं वेगळं धरा. तुमच्या गावात शिवणकाम करणाऱ्या बाईला दिवसाला जे मिळतं त्यापेक्षा तुमचा तास स्वस्त लावू नका. मग दोरा, मणी, येण्याजाण्याचा खर्च, आणि दुकानदार ठेवून घेणार असेल तर त्याचा हिस्सा. जो आकडा येईल तो बघून तुम्हालाच धक्का बसेल, म्हणाल एवढं कोण देणार. सगळे देणार नाहीत हे खरं आहे. म्हणून मोठं तोरण ऑर्डर आली तरच करा आणि विकायला एका बैठकीत होणाऱ्या वस्तू ठेवा, बुकमार्क, तांब्यावरचं झाकण, राखी, गौरीच्या मुखवट्यामागची छोटी महिरप. गौरी-गणपतीचं सामान घ्यायला लोक महिनाभर आधी बाहेर पडतात तेव्हा तुमचा माल तयार हवा, म्हणजे आषाढातच सुईला लागा.

डिझाईन मात्र तुमचंच ठेवा, यूट्यूबवरचं ते सगळ्यांकडे आहे. बार्शीत भगवंताचं देऊळ आहे, रोज जात असालच, तिथल्या दगडी खांबांवरची नक्षी, नाहीतर शेजारच्या शेतातलं ज्वारीचं कणीस, यातलं एक घ्या आणि ते क्रोशाच्या खांबांत, म्हणजे उभ्या टाक्यांत, कसं बसेल ते मोजून बघा. कणसाचे दाणे दाट असतात, तिथे दुहेरी खांब लागतील आणि मग कड आपोआप वळेल, ती वळू द्या, तोरण त्यामुळे वेगळं दिसेल. आणि शेजारणीला, भाचीला भेट द्यायचं असेल तर जरूर द्या, फक्त सोबत चिठ्ठीवर तुमचं नाव, लागलेले तास आणि विकायची किंमत लिहून द्या.